हरभरा व तुरीवरील मर : आधी जमीन पाहा, मग औषध घ्या

डिसेंबर महिन्यात हरभऱ्याच्या शिवारातून फिरताना एक दृश्य हमखास दिसते. बांधावरून पाहिले तर पीक हिरवेगार असते. पण आत शिरले की कोठे खाटेएवढा, कोठे खळ्याएवढा चट्टा पिवळा पडलेला आढळतो. त्यातील काही झाडांनी माना टाकलेल्या असतात, काही वाळून काडी झालेली असतात. शेतकरी एक झाड उपटून हातात देतो आणि विचारतो, "साहेब, मर लागली. कोणते औषध सोडू?"

या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या नावाने देता येत नाही. कारण आपण ज्याला सरसकट 'मर' म्हणतो, तो एक रोग नाही. किमान तीन वेगवेगळ्या बुरश्या हरभऱ्याचे झाड वाळवतात आणि प्रत्येकीला जमिनीची वेगळी स्थिती मानवते. एकीला कोमट, बेताची ओल असलेली जमीन आवडते; दुसरीला तापलेली आणि कोरडी; तिसरीला ओलीगच्च आणि वर अर्धवट कुजलेला काडीकचरा असलेली. म्हणून झाड कशाने मेले हे ओळखायचे असेल तर झाडाबरोबर त्याच्या बुंध्याशी असलेली मातीही पाहिली पाहिजे. एका बुरशीवरचा उपाय दुसरीच्या पथ्यावर पडतो, हे या लेखात पुढे दिसेलच.

नुकसान किती होते? हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत डॉ. हवारे आणि डॉ. नेने यांनी केलेल्या अभ्यासानुसार, हरभऱ्यात मर लवकर आल्यास रोगट झाडांचे ७७ ते ९४ टक्के, तर उशिरा आल्यास २४ ते ६५ टक्के उत्पादन बुडते. तुरीत शेंगा धरण्यापूर्वी झाड मेले तर हाती काहीच लागत नाही, पक्वतेच्या सुमारास मेले तर सुमारे ६७ टक्के आणि काढणीच्या तोंडावर मेले तर ३० टक्के नुकसान होते. याच संस्थेने १९७५ ते १९८० या काळात देशभर केलेल्या पाहणीत तुरीवरील मर सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे २२.६ टक्के आढळली होती. त्यानंतर प्रतिकारक वाण आले आणि चित्र बरेच बदलले. परंतु बुरशी जमिनीतून गेलेली नाही.

पीक काढले तरी बुरशी जात नाही

हरभऱ्यावरील खऱ्या मर रोगाची बुरशी फ्युजारियम ऑक्सिस्पोरम या गटातील आहे. पीक संपले की ती जाड भिंतीच्या सुप्त बीजाणूंच्या रूपाने जमिनीत पडून राहते. हरभरा न घेताही ती किमान सहा वर्षे जिवंत राहते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. तुरीवरील मर रोगाची बुरशी वेगळी. तिला फ्युजारियम उडम म्हणतात. हे नाव ई. जे. बटलर या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये दिले. ती मुख्यतः मेलेल्या तुरीच्या मुळांवर व धसकटांवर तग धरते आणि जमिनीत सुमारे तीन वर्षे टिकते. म्हणजे तुराट्या कापून नेल्या व धसकटे तशीच रानात सोडली, तर पुढच्या तुरीसाठी रोगाचे विरजण आपणच लावून ठेवले असे होते.

नवीन पिकाची मुळे या बीजाणूंजवळ आली की मुळांतून पाझरणाऱ्या रसामुळे ते रुजतात. बुरशीचा धागा मुळाच्या कोवळ्या टोकातून किंवा एखाद्या जखमेतून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढू लागतो. नळ्या बुरशीने आणि झाडाने स्वतःच तयार केलेल्या डिंकासारख्या पदार्थाने बुजतात. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते, ते यामुळे. पानांवर केलेली फवारणी या नळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

आता आळवणीचा हिशेब पाहू. एक एकर रानातील वरच्या १५ सेंटिमीटर थराची माती साधारण नऊ लाख किलो भरते. त्यावर आपण २०० लिटर द्रावण सोडतो. हे पाणी एकरभर सारखे पसरले तर त्याचा थर जेमतेम एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा होतो. एवढ्याने वीतभर खोल असलेली बुरशी मरेल असे मानणे म्हणजे दव पडल्यावर विहीर भरेल असे मानण्यासारखे आहे. दुकानातून आणलेल्या औषधाची पावती मात्र खरी असते.

झाड उकरा, चिरा आणि पाहा

रोगट झाड ओढून उपटू नये. खुरप्याने वीतभर खोल उकरून, मुळासह आणि मातीसह अलगद काढावे. चट्ट्याच्या मधले पूर्ण वाळलेले झाड घेऊ नये. कडेचे, नुकतेच मलूल होऊ लागलेले झाड घ्यावे. वाळलेल्या झाडावर नंतर अनेक बुरश्या येतात आणि ओळख फसते. मुळे हलक्या हाताने धुवावीत. मग ब्लेडने बुंध्यापासून मुळाकडे उभी चीर घ्यावी.

मूळ बाहेरून चांगले, पांढरट. कुजल्याचा वास नाही. पण चिरल्यावर मधोमध गडद तपकिरी किंवा काळी रेघ दिसली, तर ती खरी मर. रोपावस्थेत, म्हणजे पेरणीनंतर सुमारे २५ दिवसांपासून, रोपे हिरवी असतानाच आडवी होतात. मोठ्या झाडाच्या शेंड्याची पाने व देठ खाली झुकतात, मग संपूर्ण झाड मान टाकते. अशा झाडाखालची माती बहुधा मध्यम ओलीची असते. तेथे पाणी कमी पडलेले नसते आणि साचलेलेही नसते.

झाड एकदम गवती रंगाचे झाले आहे, पाने झुकण्याऐवजी तशीच वाळली आहेत आणि उपटताना सोटमूळ काडकन तुटून खाली राहिले, तर ती कोरडी मूळकूज समजावी. उकरून काढलेल्या मुळावर बारीक तंतुमुळे जवळजवळ नसतात. मूळ ठिसूळ असते, आणि साल सोलून भिंगातून पाहिल्यास काळ्या मोहरीहूनही बारीक ठिपके दिसतात. या बुरशीचे नाव रायझोक्टोनिया बटाटीकोला. ती बहुधा फुलोऱ्यात व घाटे भरताना येते. त्या वेळी जमीन तापलेली आणि कोरडी असते.

तिसरा प्रकार मानकुजीचा. पेरणीनंतर पहिल्या सहा आठवड्यांत रोपे पिवळी पडून मरतात, पण माना टाकत नाहीत. जमिनीलगतचा भाग कुजून बारीक झालेला असतो आणि त्यावर कापसासारखे पांढरे धागे व कधी मोहरीएवढे गोल दाणे दिसतात. ही स्क्लेरोशियम रॉल्फसाय नावाची बुरशी. हिच्या चट्ट्यात माती चिकट ओली असते आणि वरच्या थरात आधीच्या पिकाचा न कुजलेला पाला हमखास सापडतो.

चिरल्यावर आत काळी रेघ नाही, मूळही निरोगी आहे आणि तरी झाड जळते आहे, असेही घडते. तेव्हा रोगाऐवजी क्षारांचा संशय घ्यावा. हरभरा क्षारांना फार नाजूक आहे. विहिरीचे पाणी मचूळ असेल, रानात पांढरी खर दिसत असेल आणि पानांच्या कडा आधी करपत असतील, तर बुरशीनाशकावर एक पैसाही खर्च करू नये. माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे.

तुरीचे निदान सोपे आहे. रोगट झाडाच्या बुंध्यापासून वर जाणारा जांभळट पट्टा दिसतो. तेथील साल सोलली की आतल्या लाकडावर काळ्या-तपकिरी रेघा दिसतात. कधी झाडाची एकच बाजू किंवा एकच फांदी वाळते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचलेल्या खोलगट भागात तूर मरत असेल आणि खोडावर तपकिरी-काळे खोलगट डाग असतील, तर तो फायटोप्थोराचा करपा असतो. त्याचा इलाज चर काढणे हा आहे. तूर ताटकळत पाण्यात उभी असताना कोणतेही औषध सोडून उपयोग नाही.

ओल आणि उष्णता

जमिनीची ओल आणि तापमान या दोन गोष्टी कोणती बुरशी जिंकणार हे ठरवतात. खऱ्या मर रोगाच्या बुरशीला साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. कोरड्या मूळकुजीच्या बुरशीला ३० अंशांच्या वरचे तापमान आणि ओलीचा ताण हवा असतो. आपल्याकडील हरभऱ्याचा हंगाम या दोन्हींच्या मधोमध सापडतो.

कोरडवाहू हरभरा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरला जातो. ओल उडून जाण्याआधी पेरणी व्हावी हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. परंतु ऑक्टोबरच्या उन्हात जमिनीचा वरचा थर अजून उबदार असतो. त्यामुळे रोगट रानात रोपावस्थेतच मर दिसू लागते. हे टाळण्यासाठी पेरणी पुढे ढकलली, तर जमीन थंड झाल्यावर सुरुवातीची मर कमी होते हे खरे. पण असे पीक घाटे भरताना फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडते. तोपर्यंत खालची ओल संपलेली असते आणि कोरडी मूळकूज डोके वर काढते. पेरणीची तारीख बदलल्याने रोग जातोच असे नाही, कधी कधी नुसता बदलतो.

मग करावे काय? ज्या रानात गेल्या काही वर्षांत रोपावस्थेत मर येत होती आणि पाण्याची सोय आहे, तेथे बागायत हरभऱ्याच्या वेळेत, म्हणजे २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरच्या दरम्यान पेरणी करावी. शेवटी एक हलके पाणी देता येईल याची खात्री ठेवावी. ज्या रानात फुलोऱ्यानंतरच झाडे वाळतात आणि पाणी नाही, तेथे उशीर करू नये. लवकर पेरावे, लवकर तयार होणारा वाण घ्यावा, आणि कोळपणी करून ओल राखावी. दोन शेजाऱ्यांचा सल्ला परस्परविरोधी वाटतो तो यामुळेच. दोघांच्या जमिनी वेगळे सांगत असतात.

पेरणीच्या खोलीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. उथळ पेरलेल्या हरभऱ्यात मर जास्त आणि १० सेंटिमीटरपर्यंत खोल पेरलेल्यात कमी, असे आढळून आले आहे. खोल पडलेल्या बियाण्याला ओलही पुरते. कोरडवाहू भारी जमिनीत पाभरीने दहा सेंटिमीटरवर पेरणे अवघड नाही. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरताना मात्र बी नेमके किती खोल पडते आहे हे पहिल्याच तासात उकरून पाहावे. ओलिताच्या रानात पाच सेंटिमीटर पुरेसे होतात. तेथे जास्त खोल गेल्यास, विशेषतः वर चोपण थर असेल तर, उगवण मार खाते.

पाण्याबद्दल दोन चुका सर्रास होतात. एक, झाडे मलूल दिसली की पाण्याची कमतरता समजून मोकाट पाणी सोडणे. खऱ्या मर रोगात झाडाच्या नळ्या बुजलेल्या असतात. त्याला पाणी पाजून काय होणार? उलट भारी जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, हरभरा उभळतो आणि शिवाय मानकुजीला आमंत्रण मिळते. दुसरी चूक उलट टोकाची : जमिनीला भेगा पडेपर्यंत वाट पाहणे. काळी जमीन भेगाळते तेव्हा मुळे ताणली जाऊन तुटतात, आणि तुटलेले मूळ म्हणजे बुरशीला उघडा दरवाजा. म्हणून भेगा पडण्यापूर्वी पाणी द्यावे. सारे लहान ठेवावेत, पाणी हलके द्यावे. तुषार संच असेल तर उत्तम. मध्यम जमिनीत पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी एक आणि ६० ते ६५ दिवसांनी दुसरे पाणी बहुधा पुरते.

जमिनीचा प्रकार आणि सामू

परदेशी पुस्तकांत फ्युजारियमच्या मर रोगाबद्दल एक सल्ला नेहमी सापडतो : आम्ल, रेताड जमिनीत हा रोग जास्त येतो, म्हणून चुना टाकून सामू वाढवावा. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या वाळूसर जमिनीत टोमॅटोवर हा उपाय उपयोगी ठरला आहे. परंतु हा सल्ला उचलून आपल्या काळ्या जमिनीत चुना टाकणे हा वेडेपणा होईल. आपल्या बहुतेक काळ्या जमिनींचा सामू मुळातच ७.५ ते ८.५ असतो आणि अनेक ठिकाणी खाली चुनखडीचा थर असतो. चुना जास्त झाल्यास लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही आणि पीक पिवळे पडते.

कपाशीचे उदाहरण याबाबत बोलके आहे. अमेरिकेत कपाशीवरील मर मुख्यतः आम्ल, वाळूसर जमिनीत येते. आपल्याकडे ती आली ती देशी कपाशीवर, आणि तीही भारी, विम्लधर्मी काळ्या जमिनीत. जुन्या मुंबई प्रांतात आणि वऱ्हाडात या रोगाने देशी कपाशीचे मोठे नुकसान केले आणि त्यातूनच प्रतिकारक देशी वाण निवडण्याचे काम उभे राहिले. बुरशी एकाच गटातील, पीकही कपाशीच, तरी जमिनीची आवड उलटी. म्हणून 'अमक्या जमिनीत मर येत नाही' असे विधान कोणी केले तर पिकाचे नाव आणि ठिकाण विचारून घ्यावे.

केळीवरील पनामा मर रोगाचा अभ्यास मध्य अमेरिकेत झाला तेव्हा असे दिसले की, काही जमिनींत केळीच्या बागा तीन-चार वर्षांत संपत आणि काही जमिनींत त्याच जातीच्या बागा वर्षानुवर्षे टिकत. टिकणाऱ्या जमिनींत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती आढळली. अशा मातीत जिवाणूंची वाढ चांगली होते आणि ते बुरशीला वाढू देत नाहीत, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. आपली काळी जमीन याच जातीच्या चिकणमातीची आहे. पण म्हणून आपण निर्धास्त राहावे असे नाही. वर सांगितलेली देशी कपाशी आणि आपल्याकडील तूर-हरभरा याच जमिनीत मरतात. यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, जमिनीत बुरशी असणे आणि पिकात रोग येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. मध्ये जमिनीतील इतर जीवजंतू उभे असतात. त्यांना खायला मिळाले, हवा मिळाली, तर ते आपले काम करतात.

हलक्या, मुरमाड रानात अडचण वेगळी आहे. तेथे ओल लवकर उडते, जमीन लवकर तापते, आणि कोरडी मूळकूज आधी येते. अशा रानात हरभऱ्याचा हट्ट धरू नये, असे आमचे मत आहे.

सूत्रकृमींचाही उल्लेख करायला हवा. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी हरभऱ्यात आणि पुटीधारक सूत्रकृमी तुरीत मुळांना जखमा करतात व मर वाढवतात. मुळे धुताना गाठी दिसल्या तर त्याची नोंद ठेवावी. राईझोबियमच्या गाठी चटकन निघतात आणि आतून गुलाबी असतात. सूत्रकृमीच्या गाठी मुळाच्याच फुगवट्या असल्याने निघत नाहीत.

शेणखत : कुजलेले आणि न कुजलेले

"सेंद्रिय खत टाका, मर कमी होते," हे खरे आहे; पण अर्धेच. पूर्ण कुजलेल्या शेणखताने जमीन भुसभुशीत होते, ओल टिकते आणि बुरशीशी झगडणारे जीवजंतू वाढतात. न कुजलेला पाला, सोयाबीनचे कुटार, अर्धकच्चे शेणखत वरच्या थरात राहिले तर मात्र मानकुजीच्या बुरशीला ते आयते खाद्य मिळते. सोयाबीन काढून आठ दिवसांत रोटाव्हेटर मारून हरभरा पेरण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. वेळ वाचतो, ओल सापडते, हे खरे. परंतु कुटार मातीत मिसळलेले, वरून एखादा परतीचा पाऊस, आणि हरभऱ्याची रोपे दहा दिवसांची, अशी स्थिती आली की मानकूज होणारच. कुटार रानाबाहेर काढून खड्ड्यात कुजवावे किंवा पेरणीपूर्वी पुरेसे दिवस द्यावेत. हे दोन्ही जमणार नसेल तर निदान पेरणीच्या ओळीत कचरा राहणार नाही एवढे पाहावे.

ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी आता गावोगाव मिळते, आणि तिच्याबद्दलच्या तक्रारीही गावोगाव ऐकू येतात. बऱ्याच तक्रारींमागे जमिनीची स्थिती असते. ट्रायकोडर्मा हा जीव आहे, खत नाही. कोरड्या, तापलेल्या, सेंद्रिय पदार्थ नसलेल्या मातीत तो फेकला तर तो मरतो. अडीच किलो ट्रायकोडर्मा ५० ते १०० किलो पूर्ण कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवावा, अधूनमधून पाणी शिंपडावे व खालीवर करावे. मग वाफशावर एक हेक्टरला पेरणीच्या वेळी द्यावा. शेणखत उबदार, गरम लागत असेल तर ते अजून कुजलेले नाही असे समजून थांबावे.

बीजप्रक्रिया टाळू नये. हरभऱ्याची मर बियाण्यातूनही पसरते. स्वच्छ रानात रोग बहुधा याच वाटेने येतो. चट्टे पडलेल्या रानातील दाणे चांगले दिसले तरी बियाण्यासाठी ठेवू नयेत. कार्बोक्झिन अधिक थायरम या मिश्र बुरशीनाशकाची ३ ग्रॅम प्रतिकिलो याप्रमाणे प्रक्रिया आधी करावी, बी सावलीत सुकवावे, आणि राईझोबियमची प्रक्रिया शेवटी, पेरणीच्या अगोदर करावी. ट्रायकोडर्मा बियाण्याला लावायचा असेल तर त्याच बियाण्याला कार्बेंडाझिम लावू नये. ते या मित्र बुरशीलाही मारते. डब्यावरील लेबल वाचून मात्रा ठरवावी.

बेवड

आपल्या जुन्या शेतीत बेवडाला फार मान होता. कोणत्या पिकावर कोणते पीक घ्यावे हे ठरलेले असे. आज मराठवाड्यात आणि विदर्भात हजारो हेक्टरवर सोयाबीन आणि त्यावर हरभरा, पुन्हा सोयाबीन, पुन्हा हरभरा असा क्रम सुरू आहे. बाजारभाव पाहता तो का सुरू आहे हे समजते. पण मानकूज आणि कोरडी मूळकूज या दोन्ही रोगांच्या बुरश्या सोयाबीनवरही जगतात. म्हणजे त्यांना वर्षातून दोनदा जेवण मिळते.

हरभऱ्याला मर येते म्हणून एक वर्ष तूर घ्यावी, हा विचारही तितकासा बरोबर नाही. डॉ. हवारे आणि डॉ. नेने यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी तूर, मसूर आणि वाटाणा यांच्या मुळांत शिरून राहू शकते, आणि या पिकांवर रोगाचे कोणतेही लक्षण दिसत नाही. तूर हिरवीगार उभी असते आणि जमिनीत हरभऱ्याचा शत्रू पोसला जात असतो. त्यामुळे हरभऱ्यासाठी फेरपालट करायची तर तृणधान्याची करावी : ज्वारी, गहू, बाजरी, मका. सहा वर्षे टिकणारी बुरशी एका वर्षाच्या ज्वारीने संपणार नाही हे उघड आहे, तरी तिचे प्रमाण घटते. घटलेल्या प्रमाणावर प्रतिकारक वाण मात करू शकतो.

तुरीच्या बाबतीत ज्वारीचा गुण अधिक स्पष्ट आहे. तूर-ज्वारी ही आपली जुनी मिश्र पद्धत. इक्रिसॅटच्या प्रयोगांत ज्वारीचे आंतरपीक किंवा एक वर्ष ज्वारीची फेरपालट केल्याने तुरीवरील मर लक्षणीय घटली. आजोबांनी ती पद्धत रोगासाठी नव्हे, कडब्यासाठी आणि पोटासाठी ठेवली असेल. पण रोगाचेही काम झाले. तुरीचा खोडवा घेण्याचा मोह मात्र रोगट रानात टाळावा. जुन्या मुळांत बुरशी आधीच बसलेली असते. निचऱ्यासाठी सरी-वरंब्यावर किंवा रुंद गादीवाफ्यावर तूर लावावी आणि पीक निघाल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट करून धसकटे वेचून रानाबाहेर काढावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण मर रोगावर एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

वाणांबद्दल थोडक्यात. हरभऱ्यात विजय, दिग्विजय, जाकी ९२१८, फुले विक्रम हे आणि तुरीत आयसीपीएल ८७११९ म्हणजे आशा, बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, बीडीएन ७११ हे वाण मर रोगास प्रतिकारक म्हणून ओळखले जातात. मर रोगाच्या बुरशीचे वेगवेगळे प्रकार असल्याने एखादा वाण एका भागात टिकतो आणि दुसरीकडे कमी पडतो. शिवाय मर रोगाला प्रतिकारक वाण कोरड्या मूळकुजीला किंवा मानकुजीला प्रतिकारक असेलच असे नाही. "प्रतिकारक वाण पेरला तरी मर आली," असे सांगणाऱ्या शेतकऱ्याने आधी झाड चिरून पाहावे. पुष्कळदा ती मर नसतेच.

या हंगामात काय करावे

चालू पिकात मेलेली झाडे परत येत नाहीत. चट्ट्याच्या चारही बाजूंना काड्या रोवून ठेवाव्यात आणि पंधरा दिवसांनी तो किती सरकला ते पाहावे. चट्टा वखराच्या दिशेने लांबत असेल तर अवजाराबरोबर माती पसरत आहे. अशा भागात कोळपे शेवटी चालवावे आणि फाळ धुवावा. चट्टा उताराकडे किंवा पाटाच्या कडेला वाढत असेल तर पाण्याचा दोष आहे. झाडे रानभर सुटी-सुटी, विखुरलेली मरत असतील तर बियाण्याचा संशय घ्यावा. एका वहीत रानाचा कच्चा नकाशा काढून चट्ट्यांच्या जागा आणि तारीख लिहून ठेवावी. पुढील वर्षी पेरणीआधी ही वही काढली की पुष्कळ वाद मिटतात. मानकुजीचा चट्टा लहान असेल, तर रोगट रोपे मातीसह काढून टाकावीत आणि तेवढ्याच जागेत व कडेच्या दोन ओळींत आळवणी करावी. संपूर्ण रानात करू नये.

माती आणि बियाणे यांपैकी दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी घरी एक साधी चाचणी घेता येते. हरभऱ्याचे दिवस असतानाच चार कुंड्या किंवा तळाशी भोके पाडलेले जुने डबे घ्यावेत. दोनमध्ये चट्ट्यातील वीतभर खोलीपर्यंतची माती आणि दोनमध्ये जेथे कधी हरभरा घेतला नाही अशा रानातील माती भरावी. प्रत्येक मातीच्या एका कुंडीत आपले घरचे बी आणि दुसऱ्या कुंडीत विकत आणलेले प्रमाणित बी, दहा-दहा दाणे पेरावेत. प्रमाणित बियाण्याला औषध लावलेले असल्यास ते आधी धुऊन घ्यावे. सर्व कुंड्यांना सारखेच, बेताचे पाणी द्यावे आणि दोन महिने पाहावे. मेलेले प्रत्येक रोप चिरून रेघ पाहावी. चट्ट्यातील मातीच्या दोन्ही कुंड्यांत रोपे मेली तर जमीन रोगट आहे. त्या रानात निदान तीन-चार वर्षे हरभरा घेऊ नये, आणि त्यानंतर घेतला तरी प्रतिकारक वाणाचाच घ्यावा. दोन्ही मातींत फक्त घरचे बी मेले तर बियाणे बदलावे. कोठेच मर दिसली नाही आणि रानात मात्र झाडे मरत आहेत, असे झाले तर रानातील ओल, निचरा आणि पाण्यातील क्षार यांकडे वळावे. मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना जवळच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा.